भांडीवाल्या अण्णांचा बव्हेरिया

राग आला की सारं कोल्हापूर ज्या शिव्या देतं, त्या आमचे शेजारी अण्णा भांडीवाले देत नसत. ते म्हणत, "बव्हेरियावालं हाय ते!" गिऱ्हाईक आ वासून बघायचं. पातेलं घ्यायला आलेल्या बाईला बव्हेरिया कुठला ठाऊक असायला? मग अण्णा पातेलं हातात धरून तिला जर्मनी समजावत, आणि बाई पातेलं न घेताच निघून जाई.

रेडिओवर जर्मनीच्या हिंदी बातम्या ऐकायचं त्यांना खूळ होतं. तिथं म्हणे जुन्या वळणाचे, ख्रिस्ती विचारांचे दोन पक्ष. धाकटा फक्त बव्हेरिया प्रांतात निवडणूक लढवणार, थोरला बव्हेरिया सोडून उरलेल्या देशात. एकमेकांच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, राजधानीतल्या संसदेत मात्र एकाच गटात बसायचं. अण्णा या व्यवस्थेवर बेहद्द खूश होते. त्यांच्या घरातही हेच होतं ना! कोल्हापूरचं दुकान त्यांचं, गडहिंग्लजचं धाकट्या भावाचं, बापूचं. मुंबईला घाऊक माल घ्यायला मात्र दोघं एकाच नावानं जायचे.

आणि एके वर्षी त्या बव्हेरियावाल्यांनी जाहीर केलं की आता आम्ही वेगळे बसणार. पुढंमागं देशभर लढूसुद्धा. थोरला पक्ष म्हणाला, मग आम्हीही बव्हेरियात घुसतो. झालं! अण्णांनी गल्ली डोक्यावर घेतली. त्यांची ती शिवी तेव्हापासूनची.

"येशूचं नाव लावतायसा आणि भावाच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवतायसा?"

हा जाब मला! मी हायस्कुलात इतिहास शिकवत होतो, एवढाच माझा गुन्हा. माझ्या घरी, माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पीत हा माणूस रोज मला जर्मनीवरून झाडायचा. अहो, मी काय त्या पक्षाचा खजिनदार होतो?

शेवटी मी वैतागून काकूंकडे, म्हणजे अण्णांच्या बायकोकडे तक्रार केली. तेव्हा खरं काय ते कळलं. आदल्या वर्षी बापू रागाच्या भरात बोलून गेला होता, की मीही कोल्हापुरात दुकान टाकतो. अण्णा म्हणाले, मग मी गडहिंग्लजला टाकतो. दुकान कुणीच टाकलं नाही, पण बोलणं तुटलं. दिवाळीला अण्णांनी बापूचं ताट मांडायला लावलं होतं, ते तसंच उचलावं लागलं. काकूंना ते सांगतानाही रडू आलं.

थोड्याच आठवड्यांत जर्मनीतलं मिटलं. मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! अण्णा सकाळीच हजर, आणि आणखी तापलेले. एवढ्यात मिटवायचं होतं तर जगाला ऐकवून भांडलात कशाला, लाज कशी वाटत नाही, माणसं हायत का कोण, असं बराच वेळ चाललं. मीही आता चांगलं सुनवायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मास्तर, आधी बोलाय कोण गेलतं हो? थोरला का धाकटा? त्येवढं न्हाय सांगितलं बातम्यांत."

मला काय डोंबल ठाऊक! पण मी ठोकून दिलं, "थोरला."

अण्णांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, गडहिंग्लजची पहिली एसटी कितीला सुटते.