गुरुसिद्धअण्णांचा अप्पर

रात्रीची गाडी कशी चालवावी हे अख्ख्या गडहिंग्लज तालुक्यात एकाच माणसाला कळत होतं. तो माणूस म्हणजे गुरुसिद्धअण्णा शेटे! निदान गुरुसिद्धअण्णांचं तरी तसं ठाम मत होतं. त्यांच्या भांड्यांच्या दुकानात कुकर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते मत ऐकल्याशिवाय कुकरची शिट्टीसुद्धा मिळत नसे.

"समोरनं गाडी आली की आपला अप्पर, म्हंजे लाइटचा लांबचा झोत, खाली आला पायजे," कुकरचं झाकण फिरवत अण्णा सांगत. "त्येनं न्हाय दिला तरी आपण डिपर द्यायचा. गावात शिरलं की अप्पर बंद. दुसऱ्याच्या दारात गाडी लावायची न्हाय. आणि लावायचीच पाळी आली तर न्यूट्रलला टाकायची, हँडब्रेक सोडायचा. म्हंजे कुणाची अडचण झाली तर ढकलून बाजूला करता येती. ह्येला म्हंत्यात माणुसकी!"

गिऱ्हाईक मान डोलवत असे. कुकर घेऊन सुटायचं तर दुसरा मार्ग नव्हता. अण्णांनी तर आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या काचेवर पेंटरकडून लाल अक्षरांत लिहूनच घेतलं होतं, 'आधी डिपर, मग नमस्कार'. तालुक्यात असं लिहिलेली गाडी एकच होती. त्या गाडीची बॅटरी मात्र गेली दोन वर्षं 'पुढच्या महिन्यात बदलू'वर चालली होती.

घरात एक अडचण उभी राहिली होती. बायकोनं, म्हणजे अक्काताईंनी, उन्हाळ्यात क्लास लावून ड्रायव्हिंगचं लायसन काढलं. तेही पहिल्या फटक्यात! अण्णा स्वतः दुसऱ्या खेपेला पास झाले होते, पण ते काही गिऱ्हाइकांना सांगण्यासारखं नव्हतं. दिवसा अक्काताई बाजारात जात, नेसरीला माहेरी जात. अण्णांची अट एकच होती.

"दिवस मावळायच्या आत परत यायचं. रात्रीची गाडी म्हंजे खायचं काम न्हाय."

नेसरीला अक्काताईंची आई एकटीच होती. संध्याकाळी तिचा फोन आला, 'जरा चक्कर येतीया गं' म्हणाली, की अक्काताई चप्पल घालून दारात बसत आणि अण्णा दुकान बंद करून येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहत. अंगणात गाडी उभी, पदरात लायसन, आणि तरी बसून राहायचं! याचा त्यांना मनापासून राग येत असे.

अशात अण्णांचे साडू रुद्रेश यांच्या मुलीचं, सुष्मिताचं लग्न निघालं. लग्न कोल्हापुरात आणि मुहूर्त अंधार पडल्यावरचा. निघायच्या दिवशी अक्काताईंनी आहेराची पिशवी डिकीत ठेवली आणि म्हणाल्या, "येताना मी चालवतो."

"रात्रीची?" अण्णा दचकले. "अगं, समोरच्याचा उजेड डोळ्यावर आला की भल्याभल्यांचं हात सुटत्यात!"

"मग शिकायचं कधी मी?"

"शिकायला तुला गरजच काय? मी हाय की! हे बघ, आपली पैजच लागली. आज माझी एक जरी चूक झाली, तर येताना किल्ली तुझी. आणि न्हाय झाली, तर परत रात्रीच्या गाडीचं नाव काढायचं न्हाय."

"कायमचं?"

"कायमचं!"

अक्काताईंना नेसरीचा फोन आठवला. पण पर्याय काय होता? "लागली," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या.

अण्णांनी गाडी अशी चालवली, की जणू परीक्षा घ्यायला स्वतः आरटीओ मागच्या सीटवर बसलेत! कागलजवळ अंधारलं आणि अण्णांचा हात डिपरच्या दांडीवर नाचू लागला. ट्रकला डिपर, एसटीला डिपर, उसाच्या ट्रॅक्टरला डिपर. एका पेट्रोल पंपालाही दिला.

"त्यो पंप हाय," अक्काताई म्हणाल्या.

"असूं दे. सवय मोडाय नको."

कोल्हापूर येईपर्यंत एकही चूक नाही. अक्काताई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

कार्यालय शुक्रवार पेठेत, एका बोळाच्या वरच्या टोकाला होतं. बोळ तिथून सरळ उतरत पंचगंगेच्या अंगाला जायचा आणि खालच्या टोकाला मारुतीचं देऊळ. जागा शोधून शोधून अखेर कार्यालयाच्या गेटजवळ, केरबाच्या पिठाच्या गिरणीपुढं, जरा सपाटीला अण्णांना गाडी लावावी लागली. दार दुसऱ्याचं होतं, पण म्हणून काय झालं? तोंड वर कार्यालयाकडं, चाकं सरळ, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक मोकळा. सगळं नियमात!

तेवढ्यात पुढची एक गाडी अंधारात मागं यायला लागली आणि तिचं चाक गटारीकडं झुकलं. अण्णांनी लगेच अप्पर लावला आणि मुंडकं बाहेर काढलं. "या, या! उजव्या अंगानं घ्या, गटार हाय!" ती गाडी सुखरूप निघाली. अण्णा समाधानानं हसतात न हसतात तोच रुद्रेश पळत आले.

"अण्णा, कुठं हाईसा? फेटेवाला तुमच्यासाठी थांबलाय. चला, चला!"

अक्काताई मघाशीच उतरून आत गेल्या होत्या. अण्णांनी किल्ली काढली, दार लावलं आणि निघाले. गाडीनं टी-टी-टी करून सांगितलं, की बाबा, लाइट राहिले. पण त्याच वेळी गेटवर वाजंत्र्यांचा बेंजो सुरू झाला, आणि बेंजोपुढं कोल्हापुरात माणसाचंसुद्धा कुणी ऐकत नाही, तिथं गाडीचं कोण ऐकणार? मांडवाचे हॅलोजनही तेवढ्यातच लागले, आणि त्या उजेडात आणखी दोन दिवे कुणाला कळणार?

आता अण्णा आत फेटा बांधून घेत होते तोवर बाहेर काय झालं ते सांगितलं पाहिजे. केरबाच्या गिरणीवर गव्हाची पोती घेऊन टेम्पो आला. दारात गाडी! केरबा शिव्या देणार होता, पण त्यानं हात लावून बघितलं तर गाडी हलली. "शहाणा माणूस दिसतोय," केरबा म्हणाला आणि त्यानं नि टेम्पोवाल्यानं गाडी मागं ढकलली. पुढं उतार लागला, म्हणून दोघांनी ती धरून धरून सावकाश खाली नेली, मारुतीच्या देवळापाशी उभी केली आणि चाकामागं दगड लावला. लाइट चालू आहेत हे केरबानं बघितलं होतं. पण गाडी कुलूपबंद, मालक कोण ठाऊक नाही. तो काय करणार? पोती उतरवून टेम्पो गेला. मोकळ्या जागेत लगेच दुसऱ्या कुणीतरी आपली गाडी घातली. तीही पांढरीच.

थोड्या वेळानं अक्काताई आहेराची पिशवी बघायला बाहेर आल्या. पांढरी गाडी होती, पण काचेवर डिपर नव्हता आणि नमस्कारही नव्हता. त्या इकडंतिकडं बघत बोळातून खाली गेल्या, तर देवळाजवळ आपली गाडी! दोन्ही डोळे वटारून वर कार्यालयाकडं बघत होती. अक्काताई धापा टाकत वर आल्या.

"अवो, किल्ली द्या जरा."

अण्णांच्या फेट्याचा शेवटचा पीळ चालला होता. "आत्ताच? अगं, परत जायाला अजून टाइम हाय. आणि माझी चूक कुठं झालीया?"

"तसं न्हवं, गाडीचं लाइट..."

"लाइटचं मला सांगू नको! कागलपासनं बघितलीस न्हवं?"

चार पाहुणे हसले.

इतक्यात परण्या निघाला. परण्या म्हणजे अक्षतांच्या आधी नवरदेव घोड्यावरून वाजतगाजत मारुतीला जाऊन येतो तो कार्यक्रम. तो झाल्याशिवाय नवरदेव बोहल्यावर चढत नाही. घोडं गेटातून बाहेर आलं, त्यानं बोळाकडं तोंड केलं आणि समोरून तो लख्ख उजेड डोळ्यांत घुसला. घोडं थांबलं. घोडेवाल्यानं चुचकारलं, घोडं मागं सरकलं. बेंजोनं जोर केला, घोडं आडवंच झालं! नवरदेवानं बाशिंग सोडून आयाळ धरली.

"आरं, कुणाची गाडी हाय ती?"

"नंबर दिसतोय काय?"

"नंबर कसला? समोरचं माणूस दिसंना झालंय!"

लग्न लावणारे स्वामी घड्याळ दाखवू लागले. "मुहूर्त टळंल," ते एवढंच म्हणाले. केरबा गिरणी बंद करून लग्नाला आला होता, तो म्हणाला, "मी खाली जाऊन ढकलून बाजूला घेतो."

"थांबा!" अण्णांचा आवाज आला. असला प्रसंग आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. "कुणी जायाचं न्हाय! ढकलून बाजूला केली की मालकाला अक्कल कवा यायची? त्यो हितंच जेवत असंल कुठंतरी. माईक आणा!"

बेंजोच्या गाड्यावरचा माईक हातात आला. अक्काताई गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. "अवो, ऐका की! ती गाडी..."

"मला दिसतीया! आंधळा हाय काय मी?" अण्णांनी डोळ्यांवर हाताची झापड धरली होती.

"पावणं," कुणीतरी विचारलं, "तुमचीच तर न्हवं?"

"माझी?" अण्णा हसले. दोन पावलं बाजूला गेले आणि गिरणीपुढच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर त्यांनी प्रेमानं थाप मारली. "ही बघा माझी! जाग्यावर हाय. न्यूट्रलला!"

मग अण्णा माईकवर सुरू झाले. "मंडळी, गाडी कुणीबी घेतंय. पण अक्कल शोरूममदी मिळत न्हाय! मुक्या जनावराच्या डोळ्यावर अप्पर? भर लग्नात? अहो, एका माणसाच्या अडाणीपणापायी एका पोरीचा मुहूर्त टळाय लागलाय!"

"अवो, किल्ली..." अक्काताईंनी शेवटचं म्हणून बघितलं.

"किल्ली! बघा, आमच्या घरातल्यांनीबी बरोबर सांगितलं. असल्या माणसाच्या हातात किल्ली देऊच नये! काढून घ्यावी आणि त्येच्या बायकोच्या हातात द्यावी. ती बरी चालवंल!"

टाळ्या पडल्या. बायकांच्या घोळक्यातून तर शिट्टीच आली. अक्काताई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, देवळाकडं बघितलं, जवळची एक खुर्ची ओढली आणि शांतपणे बसल्या.

"आणि मी म्हंतो," अण्णांना चेव आला, "त्या मालकानं हितं चारचौघांत येऊन..."

एवढ्यात उजेड जरा पिवळा झाला. दोन वर्षं रखडलेली बॅटरी माणसासारखीच शेवटी दमली होती. पिवळ्याचा तांबडा झाला. घोड्यानं कान हलवले. दिवे देवळातल्या समईएवढे झाले, आणि डोळे दिपायचे थांबल्यावर लोकांना गाडी दिसू लागली. जुनी, पांढरी. देवळाच्या ट्यूबलाइटखाली तिच्या काचेवर लाल अक्षरं होती.

बेंजोवाल्याची नजर चांगली. त्यानं मोठ्यानं वाचलं, "आधी... डिपर... मग... नमस्कार."

अण्णांनी गिरणीपुढच्या गाडीच्या काचेकडं बघितलं. काच कोरी होती. त्यांनी बॉनेटवरचा हात हळूच काढून घेतला.

"पावणं, ती तुमची व्हय?" केरबा पुढं आला. "मीच ढकलली की! न्यूट्रलला हुती म्हणून बरं. मी म्हटलंतं, कोण शहाणा माणूस हाय बघाय पायजे."

माईक अजून चालूच होता, त्यामुळं अण्णांनी गिळलेला आवंढा सगळ्या शुक्रवार पेठेनं ऐकला. मग कुणीतरी हसलं आणि त्यानंतर कुणी थांबेचना! एकटं घोडं तेवढं हसलं नाही. ते मुकाट्यानं बोळ उतरून मारुतीला गेलं आणि परत आलं. अक्षता वेळेवर पडल्या. रुद्रेशांनी स्वामींचे पाय धरले आणि अण्णांकडं बघायचं टाळलं.

जेवणं झाल्यावर अक्काताईंनी पंगतीतच हात पुढं केला. अण्णांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. फेटा मात्र तोवर काढून काखेत मारला होता.

बॅटरी संपलेली, म्हणून ढकलस्टार्ट करणं आलं. अर्धं वऱ्हाड मदतीला धावलं. गाडीचं तोंड चढाकडं होतं, म्हणून ती आधी मोकळ्या रस्त्याला काढली. अक्काताईंनी दुसरा गियर टाकला, क्लच दाबून धरला. मागं ढकलणाऱ्यांत सगळ्यांत पुढं अण्णा होते. "सोड आता!" असं ते ओरडायच्या आधीच अक्काताईंनी क्लच सोडला, गाडीनं आचका दिला आणि सुरू झाली. अण्णा तिच्यामागं पळत जाऊन शेजारच्या सीटवर बसले.

गडहिंग्लजपर्यंत अण्णा हात मांडीखाली घेऊन बसले होते, कारण समोरून गाडी आली की उजवा हात आपोआप उठायचा. अक्काताई वेळेवर डिपर देत होत्या. पेट्रोल पंपाला त्यांनी दिला नाही. घर आल्यावर त्यांनी गाडी लावली, लाइट बंद केले, एकदा खाली उतरून पुढं जाऊन बघितले आणि किल्ली कमरेला खोचली.

त्यानंतर नेसरीहून संध्याकाळचा फोन आला की अक्काताई चप्पल घालतात आणि सरळ गाडीत बसतात. दुकानात कुकरबरोबर आता फक्त कुकर मिळतो.

परवा अण्णांना माल बघायला जयसिंगपूरला जायचं होतं. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अगं, किल्ली दे की जरा."

अक्काताईंनी भाकरी थापता थापता नुसतं वर बघितलं.

"येतो की," अण्णा म्हणाले, "दिवस मावळायच्या आत."