चिंचेची सावली

रविवारी रानवाट बागेतून परत येताना चिंचेच्या झाडाची सावली ठोसर कुटुंबाबरोबर घरी आली. रिक्षात ती वामनरावांच्या मांडीवर होती. त्यांच्या सुनेला, अर्पिताला, आधी वाटलं की आभाळ आलंय. पण अमरावतीत त्या आठवड्यात आभाळ नव्हतंच.

बागेत लाकडी पूल होता, दोरांची जाळी होती, वाळूचा मोठा हौद होता. नात ऊर्वी वाळूत खेळत होती आणि वामनराव हौदाशेजारच्या चिंचेखाली टेकले होते. बायको गेल्यापासून त्यांना झोप येत नसे. तिथे आली. देवेंद्रनं वडलांना हलवून उठवलं, तेव्हा सावलीही उठली.

वामनरावांची खाट वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली होती. सावली खाटेवर पसरली आणि खोली निवली. वामनराव जेवणापर्यंत झोपले, जेवून पुन्हा झोपले. देवेंद्रनं कूलर बंद केला.

दोन-तीन दिवसांनी बागेच्या व्यवस्थापक इंगोले मॅडम आल्या. त्यांनी चहा घेतला. चिंच जागेवर आहे, पानंही आहेत, पण खाली लख्ख ऊन पडतं, वाळू तापते आणि पोरांचे तळवे भाजतात, असं त्यांनी सांगितलं. बागेतलं फूल नेलं तरी दंड आहे. सावलीचा नियम केला नव्हता, कारण गरज पडली नव्हती. देवेंद्रनं माफी मागितली, दार उघडलं आणि सावलीला जायची विनंती केली. ती खाटेखाली सरकली.

मॅडम वामनरावांकडे वळल्या. "काका, ती तुमच्याशिवाय यायची नाही. तुम्हीच चला."

वामनराव गेले. ते चिंचेखाली बसले तशी सावली हौदावर पसरली आणि काठावर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारणारी मुलं वाळूत उतरली. वामनराव उठले, सावली उठली. पुन्हा बसले, पुन्हा पसरली. बाग बंद झाल्यावर कुणाला थांबता येत नाही, हे मॅडमनी खेदानं सांगितलं.

सावली इथे राहिली तर आपली झोपही इथेच राहणार, हे वामनरावांना कळत होतं. ते बराच वेळ मुलांकडे बघत राहिले. मग उन्हात जाऊन उभे राहिले आणि पायाशी बोट दाखवून म्हणाले, "ही चालेल का?"

मॅडमनी वाकून पाहिलं. "अरुंद आहे, काका."

"मी एकटाच आहे. तेवढीच पडते."

मॅडमनी विचार केला आणि मान डोलावली. वामनरावांनी आपल्या सावलीला हौदाशी बसायला सांगितलं. ती बसली.

आता वामनराव भाजीला निघाले की शेजारच्या बायका त्यांच्या अगदी जवळून चालतात. तिथे गार असतं. बागेत दुपारी एकेका मुलाला पाळीपाळीनं बसवतात. संध्याकाळी सावली लांबते, तेव्हा सगळी मावतात.

सोमवारी बाग बंद असते. त्या दिवशी तुमची सावली घसरगुंडीवर असते, असं मॅडमनी परवा फोन करून कळवलं. तक्रार नव्हती, फक्त माहिती होती.

वामनराव नुकतेच झोपून उठले होते. "असू दे," ते म्हणाले. "फक्त चढताना कठडा धर म्हणावं."