गच्चीवरचं धुकं

"पाय मोडला म्हणून पदवी मोडत नसते!" आत्याबाईंनी पलंगाशी उभे राहून निवाडा दिला. "आमच्या घराण्यात कुणी दोनदा नापास झालेलं नाही. गच्चीचं मी बघते!"

शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहणारी भाची हवामानशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. हवामानाच्या नोंदींच्या प्रात्यक्षिकात ती एकदा आपटलेलीच होती. यंदा महिनाभर रोज पहाटेची नोंद हवी, एकही चुकता कामा नये, अशी सरांची अट. आणि सुरुवातीलाच ती गच्चीच्या शिडीवरून घसरली! आता पाय प्लॅस्टरमध्ये, आणि खिडकीतून शेजारची भिंत सोडून काही दिसेना. उंटावरून शेळ्या हाकण्याखेरीज तिच्या हाती काही उरले नाही.

"आत्या, दोन थर्मामीटर आहेत. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं, त्याचं शेपूट बाटलीतल्या पाण्यात. फडकं मळलं की बदलायचं."

"फडकी मला शिकवतेस?"

कामाची वाटणी झाली. आकडे आतोबांनी वाचायचे, आकाश आत्याबाईंनी पाहायचे. आत्याबाईंना हल्ली सगळे जगच जरा पुसट दिसे. पण त्या तो दोष जगाचाच मानीत.

पहिल्याच पहाटे त्यांनी ते ओले फडके चाचपले आणि नाक मुरडले. तापकऱ्याच्या कपाळावरची पट्टीसुद्धा इतकी कळकट नसते! खाली येऊन त्यांनी जुन्या पांढऱ्या रेनकोटचे एक देखणे टोपडे शिवले, शेपटासकट, आणि ते थर्मामीटरला चढवले.

"फडकं बदललं गं!"

"बरं झालं, आत्या!" भाची कृतज्ञतेने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आतोबांनी खबर आणली. "दोन्हीकडे चोवीस."

"सारखेच?" भाची उठून बसली. "ओल्याचा पारा खाली हवा! सारखे म्हणजे हवा बाष्पाने गच्च भरलेली. या कोरड्या दिवसांत? आत्या, धुकं होतं का?"

आत्याबाईंनी क्षणभर विचार केला. समोरची इमारत दिसली नव्हती, हे तर खरेच.

"दाट!"

आतोबांना धुके दिसले नव्हते. पण लग्नाला चाळीस वर्षे झाली होती, त्यामुळे त्यांनी मान डोलावली.

रोज चोवीसला चोवीस, पंचवीसला पंचवीस, रोज धुके! भाचीने पडल्या पडल्या त्यावर सिद्धान्त रचला आणि नोंदींसकट सरांकडे पाठवला. एका पहाटे सर स्वतःच दारात हजर!

"साऱ्या शहरात कुठेही नसलेलं धुकं फक्त तुमच्या गच्चीवर! म्हटलं, पाहून यावं."

"या, या!" आत्याबाई ताठ मानेने पुढे झाल्या. गच्चीवर पोचताच समोर हात फिरवून म्हणाल्या, "बघा! समोरची पाण्याची टाकी दिसते का?"

"दिसते," सर म्हणाले. "तिच्यावरचा कावळाही दिसतो."

मग त्यांनी टोपड्याला हात लावला. बाटली काठोकाठ भरलेली, टोपडे ठणठणीत कोरडे. पालथ्या घड्यावर पाणी!

"हे काय आहे, बाई?"

"रेनकोटचं कापड! थेंब आत जायची टाप नाही!"

सरांनी डोळे मिटून घेतले. मग ते आतोबांकडे वळले. "आणि तुम्हालाही धुकं दिसत होतं?"

"हिला दिसत होतं, सर."

खालून भाचीचा आवाज आला, "आत्या, सर काय म्हणाले? पास ना?"

त्याच आठवड्यात आत्याबाईंना धरूनबांधून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्यात आले. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता! शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या दिवशी भाची कुबड्या टेकत आली आणि तिने निकालाचा कागद पुढे केला.

'अनुत्तीर्ण.' आत्याबाईंनी तो शब्द चष्म्याशिवाय, एका दमात वाचला! भाचीच्या डोळ्यांतले पाणीही त्यांना अगदी स्वच्छ दिसले. त्यांनी कागद हळूच नवऱ्याकडे सरकवला आणि उभ्या संसारात कधी विचारले नव्हते ते विचारले.

"अहो, तुम्हाला काय दिसतंय?"

आतोबांनी कागद नीट निरखला.

"या खेपेला," ते म्हणाले, "मलाही तेच दिसतंय."