बुटकी केळ

टण्ण! बाळाच्या मुठीतला खुळखुळा फरशीवर पडला. मी ब्रश हवेतच धरून श्वास रोखला. बाळाने झोपेतच ओठ चोखले, कूस बदलली आणि ते पुन्हा गाढ झोपलं. वाचले! समोरच्या ड्रॉइंग पेपरवर आमच्या नानांची अब्रू अजून ओली होती!

नाना म्हणजे माझे सासरे, अभिमन नाना. गावात केळीला ठिबक पहिल्यांदा त्यांनी बसवलं, तेव्हापासून गाव त्यांना 'डॉक्टर' म्हणे. "केळीले सलाईन लावी दिधी!" म्हणून हसे. आता पाचोऱ्याच्या केळी मेळाव्यात कोणी किती पाण्यात पीक काढलं, त्याचा तक्ता लागणार होता. पीक सगळ्यांचं सारखंच, पण पाणी सगळ्यांत कमी नानांचं. म्हणजे शाल-श्रीफळ नानांचंच!

"तक्ता मी काढणार!" मी जाहीर केलं. "बी.ए.ला संख्याशास्त्र होतं म्हटलं मला!"

"आलेखाचे नुसते खांब काढ," हे म्हणाले.

"खांब काय बघायचे? केळीवाल्यांना केळी दाखवावी!"

मग काय! प्रत्येक शेतकऱ्याची एक केळ. जेवढं पाणी जास्त, तेवढी केळ उंच. पट्टी लावून उंची मोजली, हिरवीगार पानं, लोंबते घड! झुलाल आबांचं पाणी एवढं, की त्यांच्या केळीने कागदाची वरची कड गाठली. 'लागलेले पाणी' हे शीर्षक खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात बसवावं लागलं. नानांची केळ एवढीशी, शेळीने उभ्या उभ्या संपवावी अशी!

नाना खूश! अख्ख्या गावाला दाखवायची घाई! "भारी शे पोरी! बठ्ठा गावले दखाडसू!"

मेळाव्यात पाहुणे साहेब तक्त्यापुढे थांबले. मान वर करत करत टोपी पडेपर्यंत त्यांनी झुलाल आबांची केळ पाहिली.

"वा! ही केळ कोणाची?"

"मन्ही!" झुलाल आबा उठलेच!

मी बायकांच्या रांगेत, कडेवर बाळ. ओरडावं तर बाळाने भोंगा लावलेला! मी हात खाली दाबून खुणा केल्या, बुटकी बघा, बुटकी! मंडपवाल्याने घाईघाईने माईक खाली केला.

तेवढ्यात शाल झुलाल आबांच्या खांद्यावर पडलीसुद्धा. नानांनी फेटा सारखा करून घेतला होता. तो त्यांनी हळूच काढून मांडीवर ठेवला.

"आबा, या यशाचं रहस्य सांगा!"

आबा खाली गेलेल्या माईकपुढे वाकले. "मी काहीच करत नही भाऊ. मोटर चालू करस अन् झोपी जास!"

टाळ्यांचा कडकडाट! आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाने तेच केलं! मोटारी चालू केल्या आणि सगळे झोपले. दुपारी शेताकडून धडाम् आवाज आला. गावची डीपी उडाली! पंखे बंद, पिठाची गिरणी बंद, सगळं गाव घामाघूम.

नानांनी मात्र तक्ता परत मागून आणला आणि ओसरीवर खिळा ठोकून लावला. मी मान खाली घालून म्हटलं, "नाना, चुकलंच माझं. उलटी केळ उगवली."

"राहू दे वं पोरी. चित्र भारीच शे," ते म्हणाले आणि आपल्या बुटक्या केळीवरची धूळ उपरण्याने पुसू लागले.

माझी पाच वर्षांची मीनू बराच वेळ तक्ता बघत होती. मग तिने माझा पदर ओढला.

"आई, आजोबा तुझे सगळ्यांत लाडके ना?"

"हो गं."

"मग त्यांची केळ सगळ्यांत बुटकी का काढलीस?"

संख्याशास्त्राच्या पुस्तकात बाई, हा प्रश्न नव्हता!