तासभर हातोडा बंद

मुलाखतीच्या आदल्या दिवशी रुपाली खळदकरने घरातल्या सगळ्या आवाजांचा बंदोबस्त केला. कुकर सकाळी आठलाच उरकायचा, दारावरची बेल बंद करून ठेवायची, लेकीने शाळेतून परस्पर मैत्रिणीकडे जायचं. नवरा तेजस हा खरं तर घरातला सगळ्यात गरीब आवाज, पण त्यालाही तिने घरून काम न करता ऑफिस गाठायला सांगितलं. एवढं करून दोन आवाज उरले. एक सासऱ्यांचा खोकला आणि दुसरा समोरच्या तांबटांचा हातोडा.

खळदकरांचं घर कसबा पेठेतल्या एका चिंचोळ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली आणि समोर तांब्याचे हंडे, बंब, कळश्या घडवणाऱ्यांची दुकानं. सकाळी नऊ वाजले की ठोक्याला सुरुवात व्हायची आणि दिवेलागणीला गल्ली गप्प व्हायची. रुपाली मूळची यवतमाळची. लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर तिचं डोकं दुखलं, मग ठोका कानात पडेनासा झाला. पण बंगळुरूच्या माणसांच्या कानांना अशी सवय कुठली असणार? मागच्या महिन्यात एका कंपनीच्या साहेबांनी मुलाखतीत तिला पुन्हापुन्हा विचारलं की घराचं बांधकाम चालू आहे का. शेवटी, नंतर कळवतो म्हणाले. अशा लोकांनी आजवर कुणालाच काही कळवलेलं नाही.

तिचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे दुसऱ्यांनी मन लावून केलेल्या कामातल्या चुका शोधण्याचं. लेक झाल्यावर नोकरी सुटली ती सुटलीच. सध्या काय करतेस, असं कुणी विचारलं की ती घरीच असते म्हणायची आणि नंतर बराच वेळ स्वतःवरच चिडायची. आता ही जागा आली होती. काम घरून, तेही संध्याकाळनंतर, म्हणजे गल्ली गप्प झाल्यावर. फक्त मुलाखत तेवढी सकाळी अकराला, व्हिडिओवर, आणि जिथे बसून काम करणार तिथूनच द्यायची. ही जागा गेली तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. हे फक्त तेजसला माहीत होतं.

सासरे बद्रीनाथ पालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांना नाही म्हणण्याची सवय लागलेली. व्हिडिओवरून नोकरीला माणसं घेणं हा प्रकार त्यांना फोटो बघून आंबे घेण्यासारखा वाटत होता. आठवडाभर त्यांना असा खोकला झाला होता की कोपऱ्यावरच्या दुकानात लोक त्याची चौकशी करायचे.

"बाबा, अकरा ते बारा तुम्ही आतल्या खोलीत बसाल? आणि तेवढा वेळ खोकला..."

"खोकल्याला काय मी आमंत्रण देतो?"

"तासभरच, बाबा."

"बघू," बद्रीनाथ म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

राहिला हातोडा. समोरचे पोपटराव गल्लीतले सगळ्यात जुने कारागीर, त्यांचा शब्द बाकीची दुकानं मानायची. रुपाली त्यांच्याकडे गेली आणि सगळं खरं सांगितलं. पोपटरावांनी हातातला बंब खाली ठेवला. तासभर काम बंद ठेवा असं आजवर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. पण पोरीचा चेहरा बघून त्यांना नाही म्हणवेना.

"अकरा ते बारा," ते म्हणाले. "बारानंतर माझा हात थांबायचा नाही."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पोपटराव दुकानादुकानात गेले आणि खळदकरांसाठी तासभर हातोडा खाली ठेवा, एवढंच म्हणाले. या गल्लीत गरजेपेक्षा जास्त बोलणं ही उधळपट्टी समजतात. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भर दिवसा मोकळा तास मिळाला म्हणून त्यांनी घरचा बिघडलेला मिक्सर पिशवीत घातला आणि दुरुस्तीला बुधवार पेठेत निघून गेले.

आता, कामाच्या दिवशी या गल्लीत हातोडा थांबतो तो एकाच कारणाने. गल्लीतलं कुणी गेलं, तर. बंद असो, मोर्चा असो, क्रिकेटचा अंतिम सामना असो, ठोका चालूच असतो. त्यामुळे अकरा वाजता गल्ली एकदम शांत झाली तशा बायका गॅलरीत आल्या. कोण म्हणून विचारलं, तर खालून उत्तर आलं, खळदकरांसाठी. बद्रीनाथांचा खोकला आठवडाभर सगळ्यांनी ऐकला होता आणि आज तो ऐकू येत नव्हता. पुढे विचारण्यासारखं काही उरलंच नाही. अशा घरी फोन करायचा नसतो, जायचं असतं. आणि कुणी कडी वाजवू नये म्हणून रुपालीने दार नुसतं लोटून ठेवलं होतं.

रुपालीला यातलं काही माहीत नव्हतं. पडद्यावर दोघं होते. पांढऱ्या दाढीचे एक साहेब प्रश्न विचारत होते, आणि चष्मा लावलेल्या एक मॅडम लिहून घेत होत्या. पहिली पंधरा मिनिटं इतकी छान गेली की आपलं इंग्रजी इतकं बरं आहे हे तिचं तिलाच नव्याने कळलं. आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात, तिच्या स्वतःच्या छोट्या चौकटीत, तिला मागे विमलाबाई दिसल्या.

विमलाबाई शेजारच्या. त्यांना सांगणं म्हणजे पेठेला सांगणं, म्हणून रुपालीने मुलाखतीची गोष्ट त्यांच्यापासूनच लपवली होती. त्या पांढरी साडी नेसून अनवाणी आत आल्या, लॅपटॉपकडे बघून हात जोडले, दिवाणाच्या कडेवर टेकल्या आणि डोळ्यांना पदर लावला. रुपालीला मागे वळता येईना. तिने उत्तर पुढे चालू ठेवलं. तेवढ्यात फुलवाली चंपा झेंडूचा भला मोठा हार घेऊन आली. तिनेही लॅपटॉपला हात जोडले. तिच्यामागून चार तांबट आले, हात पुसत, आणि ओळीने जमिनीवर मांडी घालून बसले.

करोनाच्या दिवसांत गल्लीने शेवटची दर्शनं व्हिडिओवर होताना पाहिली होती. त्यामुळे सून लॅपटॉपसमोर बसून बोलते आहे, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लांबच्या नातेवाइकांना कळवत असेल बिचारी, एवढंच त्यांच्या मनात आलं. येणारा प्रत्येक जण त्या नातेवाइकांना नमस्कार करत होता आणि दाढीवाले साहेबही दर वेळी उलट हात जोडत होते. प्रश्न अर्ध्यावर राहायचा, मग पहिल्यापासून सुरू व्हायचा. ही कोण मंडळी, असं साहेबांनी शेवटी विचारलं. आमचे शेजारी फार आपुलकीचे आहेत, असं रुपालीने इंग्रजीत सांगितलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

मॅडम निघाल्या वर्ध्याच्या. त्यांना राहवेना.

"रुपाली, तुमच्याकडे काही कार्यक्रम होऊन राहिला काय?"

रुपाली तोंड उघडणार, तोच विमलाबाईंनी येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरे गं आता बोलणं. रडून घे जरा. बाबा गेले, पण आम्ही आहोत ना."

"कोण बाबा?"

"तुझे सासरे. आणखी कोण?"

विमलाबाईंना हे कुठून कळलं, असा प्रश्न रुपालीला पडायला हवा होता. चुका शोधणं हाच तिचा धंदा होता. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली. आठवडाभर ज्या माणसाला पाच मिनिटं न खोकता काढता आली नव्हती, त्याचा अर्ध्या तासात एक आवाज आला नव्हता. आणि आवाज करू नका असं तिनेच सांगितलं होतं. खुर्ची मागे पडली, ती तशीच टाकून रुपाली आत धावली. मुलाखत, साहेब, मॅडम यांतलं त्या क्षणी तिला काही आठवलं नाही.

बद्रीनाथ कॉटवर ताठ बसले होते. दोन्ही हातांनी कॉटची कड घट्ट धरली होती, चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडात अख्खा टॉवेल कोंबलेला होता. सून दिसल्यावर त्यांनी टॉवेलचा एक कोपरा जरासा बाहेर काढला.

"झाली?" ते कुजबुजले. "खोकू का आता?"

रुपाली त्यांचे पाय धरून रडायला लागली. हसूही येत होतं, पण रडणं पुढे होतं. आयुष्यात या माणसाने तिच्या नोकरीबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता, आणि अर्धा तास तो असा बसून होता.

"खोका, बाबा. हवं तेवढं खोका."

बद्रीनाथांनी टॉवेल काढला आणि आठवड्याची सगळी बाकी एका दमात चुकती केली. दम लागला तेव्हा थांबले आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"गेली का नोकरी? जाऊ दे. रडतेस काय? दुसरी बघू."

नोकरी म्हटल्यावर रुपालीला बाहेर काय चालू आहे ते आठवलं आणि ती उठून धावली. बाहेर तिच्या खुर्चीत विमलाबाई बसल्या होत्या. मॅडमची वऱ्हाडी ऐकून ही रुपालीच्या माहेरची माणसं, याबद्दल त्यांची खात्री पटली होती. त्या मनापासून धीर देत होत्या. मॅडम एकेक वाक्य साहेबांना इंग्रजीत सांगत होत्या आणि साहेब पुढचं विचारत होते.

"तुमची मुलगी म्हणजे लाखात एक," विमलाबाई सांगत होत्या. "समोरच्याची चूक हिच्या नजरेतून कधी सुटत नाही. दूधवाल्याची सुटली नाही, इस्त्रीवाल्याची सुटली नाही, माझीसुद्धा नाही. आणि चूक दिसली की दुरुस्त होईपर्यंत गप्प बसत नाही. फार गुणाची."

साहेब भराभरा लिहून घेत होते. मागे तांबट मात्र आतला खोकला ऐकल्यापासून एकमेकांकडे बघत होते. तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकून बद्रीनाथ दारात उभे राहिले. विमलाबाई वाक्याच्या मध्येच थांबल्या. गल्लीने हे याआधी पाहिलं नव्हतं. चंपाने हार पाठीमागे घेतला.

बद्रीनाथांनी पांढरी साडी बघितली, हार बघितला, ओळीत बसलेले तांबट बघितले.

"कोण गेलं?"

ओळीतला सीताराम तांबट जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्ही."

"मला कुणी कळवलं नाही," बद्रीनाथ म्हणाले.

मॅडम इतक्या हसल्या की पडद्यातून दिसेनाशा झाल्या. परत आल्यावर त्यांनी साहेबांना सगळं समजावून सांगितलं. साहेब जागेवरून उठून उभे राहिले आणि बद्रीनाथांना हात जोडले. बद्रीनाथ लॅपटॉपसमोर वाकले.

"पोरगी हुशार आहे, घेऊन टाका. मला पुन्हा टॉवेल चावायला लावू नका."

मॅडमनी याचंही इंग्रजी केलं. साहेब हसून काहीतरी विचारू लागले, पण तेवढ्यात बारा वाजले. पोपटराव मिक्सर घेऊन परतले होते आणि दिलेल्या वेळेचे ते पक्के होते. खाली पहिला ठोका पडला. खळदकर जिवंत आहेत म्हटल्यावर आपला तास फुकट गेला, या भावनेने बाकीचे तांबटही तडक खाली गेले आणि जोरात कामाला लागले. साहेबांचे ओठ हलताना दिसत होते. रुपालीने अंदाजाने एकदा हो म्हटलं, एकदा नाही म्हटलं, आणि पडदा काळा झाला.

दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. तेजसने समजूत काढून पाहिली, बद्रीनाथ न मागता तिला चहा करून देऊ लागले. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. उमेदवार स्वतःबद्दल चांगलंच सांगतात, त्यात काही अर्थ नसतो, असं साहेबांचं मत होतं. पण जिच्या चुका पकडण्याच्या सवयीबद्दल शेजारीण इतक्या पोटतिडकीने बोलते, अशी बाई त्यांना हवीच होती. एक तारखेपासून कामावर यायचं, म्हणजे घरीच बसायचं.

रुपालीने गल्लीभर पेढे वाटले. विमलाबाईंचं घर तिने मुद्दाम शेवटी ठेवलं. त्यांना वाकून नमस्कार केला आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की ही नोकरी तिला त्यांच्या शब्दांमुळे मिळाली. विमलाबाईंचा तोंडातला पेढा तिथेच थांबला.

"म्हणजे ती तुझ्या माहेरची माणसं नव्हती?"

"नाही काकू. कंपनीची होती."

"नोकरीसाठी चौकशी करत होती?"

"हो."

विमलाबाईंनी पेढा गिळला.

"अगं, सुतकाच्या घरी माणसाने चांगलंच बोलायचं असतं," त्या म्हणाल्या. "आधी सांगितलं असतंस, तर खरं सांगितलं असतं."