तांब्याच्या पत्र्याला पाणी

नानाकाका अंगणाच्या ज्या कोपऱ्यात रोज सकाळी पाणी घालायचे, तिथं काहीच उगवत नव्हतं. आधी तुळशीला तांब्याभर, मग त्या कोपऱ्याला घागरभर. परभणीच्या उन्हाळ्यात हे बघून समोरच्या वेणूमावशींचा जीव हळहळायचा.

"काय लावलंय हो नाना? कोंब फुटला का न्हाई?"

"तांब्याचा पत्रा पुरलाय. कोळसा अन् मीठ घालून. अर्थिंग म्हणतात त्याला. जमिनीत ओल पाहिजे, न्हाईतर वीज माणसात उतरते."

"मीठ घातलंच हाय तर चार मिरच्याबी लावा. ठेचा होईल."

हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन मी काकांकडे राहायला आले, तेव्हाच हा पत्रा पुरलेला होता. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसायची. मला कुणी फारसं विचारायचं नाही आणि मला ते बरं वाटायचं.

काका कोर्टात पेशकार होते, खटल्यांच्या तारखा लावायचे. निजाम गेला, राज्य बदललं, काका घरी बसले. पण तारखा देण्याची सवय काही सुटली नाही. धोबी आला आणि आभाळ भरलेलं दिसलं, की "आज न्हाई. पुढची तारीख." काकूनं दळणाची आठवण करून दिली, तरी पुढची तारीख. आणि प्रत्येक तारखेचं कारण एकच, खबरदारी: "एहतियात पाहिजे, एहतियात."

डॉक्टरांनी काकूचा खोकला ऐकून स्पष्ट सांगितलं होतं, "चुलीचा धूर बंद करा. नाहीतर या टिकायच्या नाहीत." काका लगोलग हैदराबादला गेले आणि विजेची शेगडी घेऊन आले. घरातली वीज दिव्यापुरती. तेवढ्या बारीक तारेवर शेगडी चालवली तर तार जळेल, म्हणून त्यांनी मीटरपासून वेगळी जाड तार ओढून घेतली, वेगळा फ्यूज बसवला, पत्रा पुरला. इथपर्यंत कुणीही त्यांना शहाणाच म्हटलं असतं.

पण काकू सोवळ्यात स्वयंपाक करायची. आंघोळ करून ओलेत्यानं, अनवाणी, नुकत्या सारवलेल्या जमिनीवर. आणि कोर्टाच्या ओल्या भिंतीपाशी उघड्या तारेला चिकटलेला एक माणूस काकांनी डोळ्यांनी पाहिला होता.

"ओल्या लुगड्यानं विजेला हात लावणार? पायात रबरी चप्पल घाल."

"सैपाकघरात चप्पल? त्यापरीस मेलेली बरी."

"मग तारीख पुढची."

शेवटी काकूनंच तोड काढली. कोरडं रेशमी सोवळं नेसायचं आणि लाकडी पाटावर बसायचं. काकांनी त्या पाटाच्या पायांखाली बरण्यांची चिनी मातीची झाकणं ठेवली. काकू बसली, पाट डुगडुगला.

"अहो, सैपाकाला बसवायलाव का मला गादीवर बसवायलाव?"

काका हसले नाहीत. त्यांनी प्लग लावला, तिच्याकडे पाहिलं आणि प्लग काढून घेतला. पळी लोखंडी होती. लाकडी मुठीची पळी आली, तोवर भिंतीला ओल आली. ओल वाळली, तर सणाचा दिवस. दसऱ्याला काकूनं शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि चुलीत काटक्या सारल्या.

मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, सगळं नीट बसवलंय की. तुम्हाला भरवसा नाही का?"

"हाय की. पण तिथं मी बसणार न्हाई, पोरी. ती बसणार हाय."

पुढच्या पावसाळ्यात काकूचा खोकला छातीत उतरला. तिला कुणी पुढची तारीख दिली नाही.

दिवसपाणी उरकलं, पाहुणे गेले. आता तरी शेगडी लागेल, असं मला वाटलं. त्या सकाळी उठले तर स्वयंपाकघर धुरानं कोंडलेलं. काका चुलीपुढे उकिडवे बसून फुंकणी फुंकत होते. डोळे लाल, नाक गळत होतं. शेजारी शेगडी धुतल्या फडक्याखाली तशीच होती. पाटही झाकणांवर तसाच.

"काका, शेगडी लावू?"

"नको."

त्यांनी पुन्हा फुंकलं. खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत ते भिंतीला हात टेकून राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढा धूर व्हायचा का गं? रोज?"

"हो," मी म्हटलं.

ते उठले. डोळे धोतराच्या सोग्यानं पुसले, घागर उचलली आणि अंगणात त्या कोपऱ्याला पाणी घालायला गेले.