सूर्यावरील डाग पंधरा दिवसांत काढणेबाबत

सन १९३२च्या मार्चमध्ये सोलापुरातील एका मुलींच्या शाळेच्या तीन इंची दुर्बिणीची सरकारी तपासणी ठरली. दुर्बीण सदोष निघाल्यास ती शिक्षण खात्याच्या कोठीत जमा व्हायची होती. शास्त्र शिकवणाऱ्या अनसूयाबाई, ढगाळ दिवस सोडले तर, गेली तीन वर्षे तिच्यातून सूर्यावरचे डाग रोज वहीत टिपत होत्या. दुर्बीण गेली की ती नोंद तुटणार.

तपासनीस पंचाक्षरी दुपारी बाराला आले.

"हं, तारे दाखवा."

"साहेब, तारे रात्री दिसतात."

"कचेरी पाचला बंद होते, बाई. वेळेत दिसणारं काही असेल तर बोला."

बाईंनी दुर्बीण सूर्याकडे वळवली आणि त्याचे बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडले. बिंबाच्या मध्यावर चार काळे ठिपके होते.

"काच मळकी आहे."

बाईंनी काच पुसली. ठिपके जागच्या जागी. मग त्यांनी डोळ्याकडचे भिंग फिरवून दाखवले. "मळ असता तर भिंगाबरोबर फिरला असता. हे डाग सूर्यावरच आहेत."

"सूर्यावर? आणि तेही तपासणीच्या दिवशी?" पंचाक्षरींना हे फारच लागले.

तिसऱ्या दिवशी हुकूम आला. डाग पंधरा दिवसांत काढून पूर्ततेचा अहवाल सादर करावा. कसूर झाल्यास यंत्र जमा करण्यात येईल.

"बाई, सूर्याला बी नोटीस लागली की!" हुकूम आणून देणारा म्हातारा शिपाई गुंडा म्हणाला. "आता त्यो पोच कुटं देनार?"

बाईंनी सविस्तर खुलासा लिहिला आणि फाडला. सूर्य स्वतःभोवती फिरतो. आठवड्यात डाग कडेला जाणार आणि पलीकडे उतरणार. तेव्हा त्यांनी एकही शब्द खोटा न लिहिता कळवले : "डाग रोज पश्चिमेकडे सरकत आहेत. मुदतीपूर्वी दिसेनासे होतील."

पंधराव्या दिवशी पुठ्ठ्यावर बिंब धुतल्यासारखे लख्ख पडले.

"शाबास! टाकलेत कुठे?"

"मागच्या बाजूला आहेत."

"मागची बाजू आमच्याकडे येत नाही." पंचाक्षरींनी प्रमाणपत्रावर सही ठोकली.

बाईंना राहवेना. "पण साहेब, चार-पाच दिवसांत ते पूर्वेकडून परत दिसतील."

"प्रमाणपत्र वर्षभर चालतं, बाई. तोवर जे दिसेल त्याला डाग म्हणायचं नाही. तुमची ती रोजची वही आहे ना? तिची नक्कल दरमहा खात्याकडे पाठवा. वर्षभर शून्य!"

दुर्बीण वाचली. अनसूयाबाईंनी त्या दिवसापासून दोन वह्या ठेवल्या, एक सूर्यासाठी आणि एक खात्यासाठी. खात्याला दुसरी फार आवडली. तिचे अक्षरही सुरेख होते.

वाचकांना हसू येत असेल तर त्यांनी खुशाल हसावे. मुलीला पाहायला मंडळी येतात त्या दिवशी आपण आपली कोणती वही पुढे करतो, एवढे मात्र आधी आठवून घ्यावे.